बंगळूर, बेंगरूळ आणि बेगूरची शिळा

जुन्या मराठी लिखाणात बंगळूरचं नाव बेंगरूळ असं येतं, कुठे कुठे बिंगरूळही. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानानं केंपेगौडाच्या वंशजाकडून इथला किल्ला घेतला आणि शहाजीराजांच्या ताब्यात दिला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं बंगळूर भोसल्यांचं होतं. 1687 मध्ये मोगली फौज आत शिरली आणि तीन लाखांच्या सौद्यात शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं. जयराम पिंड्ये यांचं ‘राधामाधवविलासचंपू’ शहाजीराजांच्या दरबारातलं. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी ते 1922 साली छापून काढलं, म्हणून त्या दरबाराची श्रीमंती आपल्याला ठाऊक झाली.

या अर्धशतकात मराठी लेखणीनं गावाच्या नावाचं जे केलं ते बघण्यासारखं आहे. कन्नड ‘बेंगळूरु’मधल्या ळ आणि र यांनी चक्क जागांची अदलाबदल केली. नुकसानचं नुस्कान होतं, लखनौचं नखलौ होतं, तसलाच प्रकार. गंमत अशी की त्याच काळात, त्याच राज्यात मूळ रूपही दगडावर शाबूत होतं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात 1669 चा शिलालेख आहे. बंगळूरच्या महानाडूच्या, म्हणजे गावच्या मुखंडांच्या विनंतीवरून शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिलं, असा त्याचा आशय. राजा मराठी, मजकूर कन्नड. दगडावर एक नाव आणि मराठी लेखणीत दुसरं, असं दोन्ही एका वेळी सुखानं नांदत होतं.

हे आधीच सांगायचं कारण एवढंच की बंगळूरच्या नावाचा वाद बराचसा आवाजावर लढला जातो. ‘हा शब्द त्या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून हे नाव त्यावरून आलं.’ ज्या नावाचे र आणि ळ आपल्या डोळ्यांदेखत, दफ्तरांच्या काळात, इकडचे तिकडे झाले, त्याचं हजार वर्षांपूर्वीचं रूप कानावरून ठरवायला जरा धाडसच लागतं.

सगळ्यात लाडकी कथा उकडलेल्या कडधान्याची. होयसळ राजा वीर बल्लाळ, म्हणजे दुसरा बल्लाळ, शिकारीच्या नादात रानात वाट चुकला. अंधार पडला, पोटात आग. एका झोपडीतल्या म्हातारीनं त्याला जवळ होतं ते दिलं: उकडलेलं कडधान्य, ‘बेंद काळु’. राजानं खूश होऊन त्या जागेला ‘बेंदकाळूरु’ म्हटलं आणि झिजत झिजत त्याचं बेंगळूरु झालं. इंग्रजांच्या गॅझेटियरनी हे कडधान्य नोंदवून ठेवलं, शाळेच्या पुस्तकांनी उचललं, पर्यटकांच्या गाईडांनी तर पाठच केलं. दर हिवाळ्यात बंगळूरात अवरेबेळे मेळा भरतो. ओल्या पावट्याच्या दाण्याचे डोशापासून जिलबीपर्यंत नाना प्रकार तिथे मिळतात आणि पावट्याच्या वासात ही कथा फारच खरी वाटते. कथेत कडधान्य कोणतं ते सांगितलेलं नाही, पण खवय्यांनी तो प्रश्न कधीच निकालात काढलाय.

कथा म्हणून तिच्यात उणं काही नाही. वाट चुकलेला राजा, गरीब म्हातारी आणि ताटातल्या अन्नावरून पडलेलं नाव हा साचा आपल्याकडे गावोगाव सापडतो. म्हातारीच्या हातून जेवून शहाणपण शिकलेले राजे मराठीतही काही कमी नाहीत. अडचण तारखेची आहे. दुसऱ्या बल्लाळाची कारकीर्द 1173 ते 1220. आणि बेगूरच्या देवळातला दगड त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा आहे.

बेगूर हे शहराच्या आग्नेयेला, होसूर रोड सोडून बोम्मनहळ्ळीच्या खाली उतरलं की लागणारं जुनं गाव. आता त्याला गाव म्हणायचं ते सवयीनं. चहूबाजूंनी फ्लॅटच्या इमारती आल्यात. तळ्याजवळ नागेश्वराचं देऊळ आहे, गंगांच्या काळातलं. गंग म्हणजे तळकाडचे पश्चिम गंग. दक्षिण कर्नाटकावर त्यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राज्य केलं, मग चोळांनी त्यांना संपवलं. या गंगांचा बेगूर भागातला सरदार नागत्तर. देवळाच्या आवारात जुन्या कन्नडमधला, काही ओळींचाच एक वीरगळाचा लेख आहे, साधारण इ. स. 890 चा. बेंगळूरच्या लढाईत नागत्तराच्या घरचा बुट्टणशेट्टी पडला, एवढंच त्यात म्हटलंय. तो नागत्तराचा मुलगा होता की पदरचा माणूस, यावर वाचणाऱ्यांत मतभेद आहेत. गावाचं नाव मात्र स्वच्छ आहे.

हा लेख म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या पुरवणीत छापला. आधी बी. एल. राइस यांनी संस्थानातले हजारो शिलालेख गोळा करून ही मालिका उभी केली होती. राइस स्वतः 1837 साली बंगळूरातच जन्मले होते. म्हणजे पुरावा शंभर वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध होता. तरी पावट्याच्या कथेच्या केसालाही धक्का लागला नाही. दगड देवळाच्या आवारात बेवारशासारखा पडून होता आणि त्याची दखल घ्यायला वर्तमानपत्रांना एकविसावं शतक उजाडावं लागलं. छापलेलं संशोधन आणि सांगोवांगीची गोष्ट यांच्या शर्यतीत गोष्ट नेहमीच पुढे असते. तिला ग्रंथालयाचं कार्ड लागत नाही.

नागत्तराशी संबंधित आणखी एक, कितीतरी देखणी शिळा बेगूरहून कस्तुरबा रोडच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आली. तिच्यावर लढाई कोरलीय: हत्ती, घोडे, पडलेली माणसं. तुंबेपाडीच्या रणात नागत्तर स्वतः कामी आला आणि त्याचा मान इरुग नावाच्या माणसाला देऊन ‘बेंपूर बारा’, म्हणजे बेंपूर आणि भोवतालची गावं त्याला बहाल केली, असा त्यातला मजकूर. हा बेंपूर म्हणजे आजचा बेगूर. संग्रहालयात येणारे लोक याच शिळेपुढे थांबतात, आणि ते बरोबरच आहे. कोरीवकामाला तोड नाही. नावाच्या वादात मात्र देवळातला तो साधा, चित्राविना दगडच कामाचा.

त्यानं नेमकं काय सिद्ध केलं? तर 890 च्या सुमारास बेंगळूर नावाचं ठिकाण होतं आणि त्याच्यासाठी माणसं मरत होती. म्हणून बल्लाळाची कथा इतिहास म्हणून बाद. केंपेगौडानं नाव ठेवलं, हेही बाद. 1537 साली येलहंकाच्या या नाडप्रभूनं मातीचा किल्ला बांधला, पेठा वसवल्या, तळी खोदली. शहराचा संस्थापक म्हणून त्याचा मान कुणी नाकारत नाही. विमानतळाबाहेर 2022 मध्ये त्याचा 108 फुटी पुतळा उभा राहिला तो काही उगाच नाही. पण नाव त्यानं घडवलं नाही, जवळचं उचललं. हेब्बाळच्या पलीकडे कोडिगेहळ्ळीजवळ हळे बेंगळूरु, म्हणजे जुनं बंगळूर नावाची वस्ती आहे. केंपेगौडाच्या आईचं आणि बायकोचं माहेर तिथलं, म्हणून नव्या गावाला तेच नाव दिलं, अशी परंपरा सांगते. सासुरवाडीला खूश ठेवायची ही रीत मोठी थोर म्हणायची.

आता एक गाठ इथे बसतेच. बेगूर शहराच्या दक्षिण टोकाला, कोडिगेहळ्ळी उत्तर टोकाला. 890 चं बेंगळूर यांपैकी कुणाच्या शेजारचं? लढाई झाली ती जागा कोणती? लेखावरून हे ठरत नाही. नाव जुनं आहे हे दगड सांगतो, आजचं शहर त्याच जागी होतं हे सांगत नाही. उत्साही मंडळी ‘बंगळूर अकराशे वर्षांचं’ असं म्हणतात तेव्हा या दोन वेगळ्या गोष्टी एक होऊन जातात.

आणि अर्थाबद्दल तर दगड अवाक्षर काढत नाही. तिथूनच खरी झुंबड सुरू होते.

पहिला उमेदवार ‘बेंगावलु’. बेन् म्हणजे पाठ, कावलु म्हणजे पहारा. पाठराखण, संरक्षक पथक. बेंगावलूरु म्हणजे रक्षकांचं गाव. गंगांच्या काळातलं ठाणं होतं, लढाया होत होत्या, म्हणून हा अर्थ लष्करी मनाला पटतो. दुसरा उमेदवार झाड: तमिळमध्ये वेंगै, कन्नडमध्ये बेंग, आपल्याकडचा बिबळा. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून ते मधुमेहावर पितात, तोच. तमिळमधला व कन्नडमध्ये ब होतो हा तर ठरलेला नियम, त्यामुळे ‘वेंग’चा ‘बेंग’ व्हायला हरकत नाही. तिसरा ‘बेणचुकल्लु’, म्हणजे गारगोटी. हा सगळा पठारी मुलूख खडकाचा, तेव्हा हेही शक्य. कुणी ‘बिळि कल्लु’, पांढरा दगड, म्हणतं. कुणी वेंकटाचं गाव म्हणून तिरुपतीच्या बालाजीपर्यंत जाऊन येतं.

यांची एक साधी परीक्षा घेता येते आणि मराठी माणसाला ती विशेष सोपी आहे, कारण ल आणि ळ यांतला फरक आपण हिंदीवाल्यांसारखा गिळत नाही. कन्नडमध्येही ते दोन वेगळे वर्ण. बेंगळूरुत आहे तो ळ. दगडाला कन्नडमध्ये ‘कल्लु’, साधा ल. पहाऱ्याला ‘कावलु’, तोही साधा ल. म्हणजे गारगोटी, पांढरा दगड आणि रक्षक, तिघांनाही ल-चा ळ कसा झाला याचं उत्तर द्यावं लागतं. रक्षकांना शिवाय मधला व-ही गिळावा लागतो. झाडाच्या बाजूचं दुखणं वेगळं. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए असे दोन ए आहेत. आपल्या देवनागरीत त्यांना वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून मराठीत लिहिताना ही अडचण दिसतही नाही. बेंगळूरुचा ए ऱ्हस्व, आणि बेंग या झाडाचा कोशात दीर्घ. सामासिक नावात दीर्घ स्वर आखडतो हे खरं, पण मग ळ कुठून आला? अनेकवचनाचा ‘गळु’ आणावा तर झाडांच्या नावावरून पडलेल्या गावांत तो सहसा कुणी लावत नाही.

आता मजा बघा. ‘बेंद’मधला ए ऱ्हस्व. ‘काळु’मधला ळ अस्सल ळ. म्हणजे ज्या कथेला तारखेनं बाद केलं, तीच आवाजाला सगळ्यात चपखल बसते! मधला ‘द’ आणि ‘का’चा काना तेवढा वाटेत सांडावा लागतो. यावरून कुणी म्हणेल, बघा, म्हातारीच खरी. मला नेमकं उलट वाटतं. कथा नावावर बेतलेली आहे, अंगावरचं माप घेऊन शिवलेल्या अंगरख्यासारखी, ती बसणारच. एखादी व्युत्पत्ती कानाला तंतोतंत पटते, तेव्हा तिच्यामागे जुना शब्द आहे की मागाहून कुणी नाव ऐकून गोष्ट रचलीय, हे कान सांगू शकत नाही. त्यासाठी जुनं लिखित रूप लागतं, आणि त्या रूपापासून आजपर्यंतचा प्रवास भाषेच्या नियमानं दाखवता यावा लागतो.

असं जिथे जमतं ते उदाहरण याच शहरात, हेब्बाळला आहे. काही वर्षांपूर्वी तिथे किट्टय्या नावाच्या वीराची शिळा पुन्हा नजरेत आली. ती साधारण इ. स. 750 ची, गंग राजा श्रीपुरुषाच्या वेळची. तिच्यावर ‘पेर्ब्बोळल् नाडु’ असा उल्लेख आहे. पेर् म्हणजे मोठं, पोळल् म्हणजे शहर. जुन्या कन्नडमधला प पुढे ह होतो, हे शेकडो शब्दांत दिसतं. पेर्ब्बोळलचं हेब्बाळ होणं त्याच रुळावरचं. इथे कथा लागत नाही, राजा लागत नाही. बेंगळूरला असा दुवा मिळालेला नाही: 890 चं रूप जवळजवळ आजच्यासारखंच, त्यामुळे त्यातून मागे सरकायला पायरीच सापडत नाही. आपल्या पुण्याचं थोडं असंच आहे. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत पुण्यविषय आणि पुनकविषय ही नावं मिळतात. नाव जुनं असल्याचं सिद्ध होतं, त्याचा अर्थ पुण्य की आणखी काही, यावर पुणेकर वाद घालतच राहतात. पुणेकरांना त्यात अडचणही वाटत नाही.

शहर सोडा, सबंध खंडांचीही हीच गत आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकात हिरोडोटसनं उघड लिहून ठेवलं की एकाच जमिनीला तीन नावं, तीही बायकांची, का दिली ते आपल्याला कळत नाही. आशियाचं नाव प्रॉमिथियसच्या बायकोवरून असं ग्रीक सांगत, तर लिडियाचे लोक म्हणत, छे, ते आमच्या कोटिसच्या मुलावरून. म्हणजे ‘आमच्याच माणसावरून पडलं’ हा हट्ट अडीच हजार वर्षं जुना आहे. आजचे बरेच अभ्यासक हित्ती लेखांतल्या अस्सुवा या पश्चिम अनातोलियातल्या प्रदेशाकडे बोट दाखवतात. कुणी अक्कडी भाषेत उगवणं म्हणजे आशिया आणि मावळणं म्हणजे युरोप अशी जोडी लावतं. जोडी इतकी नेटकी आहे की मला तिचा संशयच येतो.

अमेरिकेचं प्रकरण तर बंगळूरच्या नेमकं उलट. तिथे नाव ठेवणाऱ्यांनी कारणासकट लिहून ठेवलंय. 1507 साली सेंट-दिए गावात वाल्डझेम्युलर आणि त्याच्या सोबत्यांनी नकाशा काढला, पुस्तिका छापली आणि अमेरिगो व्हेस्पुची या खलाशावरून हे नाव देतो असं सांगितलं. त्या नकाशाची एकच प्रत उरली. 2003 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती एक कोटी डॉलरला घेतली. पुढे 1513 च्या नकाशात खुद्द वाल्डझेम्युलरनंच ते नाव गाळलं, पण तोवर ते रुळलं होतं. इतका लेखी पुरावा असूनही 1875 साली ज्यूल मार्कू या भूगर्भशास्त्रज्ञानं निकाराग्वातल्या अमेरिक डोंगरांवरून नाव आल्याचं मांडलं, आणि 1908 साली ब्रिस्टलच्या आल्फ्रेड हड यांनी आपल्या गावच्या रिचर्ड अमेरिक या जकात अधिकाऱ्याचं घोडं पुढे दामटलं. दोघांचा आधार एकच, आवाज. दगड किंवा कागद असला तर वाद मिटतो, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वाद मिटला तो फक्त गोंडवनाचा: भारताच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या मेडलिकॉटनं 1870 च्या दशकात गोंडांच्या मुलखावरून खडकांच्या थराला नाव दिलं, 1885 मध्ये एडुआर्ड झ्यूसनं ते एका लुप्त खंडाला दिलं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंडांचं नाव असं पृथ्वीच्या पोटात जाऊन बसलं, आणि कुणी तक्रार केली नाही.

बंगळूरात सरकारी पातळीवर वाद झाला तो अर्थाचा नव्हताच, उच्चाराचा होता. डिसेंबर 2005 मध्ये कन्नड साहित्यिक यू. आर. अनंतमूर्ती यांच्या सूचनेवरून बॅंगलोरचं बेंगळूरु करायचं सरकारनं जाहीर केलं. सप्टेंबर 2006 मध्ये महापालिकेनं ठराव केला, केंद्राची मंजुरी रखडत रखडत 2014 मध्ये आली आणि 1 नोव्हेंबरपासून ते अमलात आलं. त्याच दिवशी म्हैसूर, मंगळूर, हुबळी अशी एकूण बारा शहरं कन्नड रूपानं लिहिली जाऊ लागली, आणि त्यांत बेळगावही होतं. सीमाभागातल्या मराठी माणसाला ‘बेळगावी’ या पाटीनं जे वाटलं ते बंगळूरच्या पाटीनं वाटायचं काही कारण नव्हतं. बेळगावचं वेणुग्राम हे जुन्या लेखांतलं नाव दोन्ही बाजू आपापल्या खिशातलं समजतात, ते प्रकरण वेगळं आणि त्याला वेगळा लेख हवा. बंगळूरपुरतं म्हणाल तर अनंतमूर्तींचा आग्रह रास्त होता. स्थानिक माणूस जे म्हणतो ते लिहावं, एवढंच त्यांचं म्हणणं; उकडलेल्या कडधान्याची त्यांना गरज पडली नाही.

मराठी वर्तमानपत्रांनी मात्र ‘बंगळुरू’ असं एक तिसरंच रूप तयार केलंय: पहिलं अक्षर इंग्रजी बॅंगलोरच्या वळणाचं, शेवट कन्नड. शहाजीराजांच्या कारकुनानं ते वाचलं असतं तर त्यानं आपलं बेंगरूळ हौसेनं पुढे केलं असतं.

आज या प्रश्नावर मला क्रम लावायला सांगितला, तर मी झाड वर ठेवीन. या भागात झाडांवरून पडलेली गावांची नावं फार: हुणसेमरनहळ्ळी म्हणजे चिंचेच्या झाडाची वाडी, हलसूर फणसाचं. ऱ्हस्व-दीर्घाची आणि ळ-ची अडचण झाकून चालणार नाही, पण ती ल-चा ळ करण्याइतकी अवघड नाही. रक्षक दुसरे. गारगोटी आणि पांढरा दगड मागे. वेंकट शर्यतीत नाही. कडधान्य 890 च्या लेखानं बाद केलंय आणि ते आता मेळ्यातच शोभतं. हा क्रम उलटायचा तर नवं काही सापडायला हवं, आणि ते अशक्य नाही. शहर वाढताना तळ्याकाठचे, शेतांच्या बांधावरचे, गटारांच्या कडेचे वीरगळ अजून हाती लागतायत. 1909 पासून चालू असलेली मिथिक सोसायटी गेली काही वर्षं बंगळूर परिसरातल्या शिलालेखांची त्रिमित छायाचित्रं घेऊन झिजलेली अक्षरं पुन्हा वाचतेय. 890 च्या आधीचा एखादा दगड निघाला आणि त्यावरचं रूप झाडाकडे बोट दाखवणारं असलं, तर झाडाचं पारडं जड होईल. ळ-च्या जागी ल असला आणि मध्ये व असला, तर रक्षकांना पुढे आणावं लागेल.